तिसरी पायरी हलते

चुंगजूच्या बाजारात, सुक्या मिरच्यांच्या दुकानावर
आमचा वर्ग. जिना लाकडी. तिसरी पायरी हलते.
नवा माणूस तिथेच ओळखू येतो,
तो कठडा धरतो.
तूही धरलास.

जोडे खालीच काढ. मोजेसुद्धा.
दार सरकवलंस की आधी वाकायचं,
समोर कुणी नसलं तरी.
मी विचारलं होतं, कुणापुढे?
नामगुंग सर म्हणाले, जमिनीपुढे.
यापुढे तिच्याशीच तुझी गाठ आहे.

रंगीत पट्ट्याचं विचारू नकोस.
तेक्क्योनमध्ये काय मिळतं, हेही नको.
लाथ मारीन तिथं पाणी काढीन
म्हणत येतात कॉलेजची पोरं,
सर त्यांना खडूचे तीन ठिपके दाखवतात, त्रिकोणात.
डावा पुढे, मागे. उजवा पुढे, मागे.
गुडघा मऊ सोड, कंबर पुढे येऊ दे,
श्वासाबरोबर आपसूक निघेल तोंडातून: इक्.
मग दुसऱ्या पायावर: एक्.
महिनाभर एवढंच.
दुसऱ्या आठवड्यात अर्धी पोरं गळतात.
तिसऱ्यात माझी मुलगी गळली.

तिचीच फी होती ती, तीन महिन्यांची,
सफरचंदांच्या शेडमधल्या
जादा पाळ्यांची.
सर म्हणाले, पैसे परत मिळत नाहीत.
तुला पाय आहेत ना?
अशी आले मी, सत्तेचाळिसाव्या वर्षी,
रागारागाने.

अक्कल गुडघ्यात आहे म्हणून आपण हिणवतो कुणाला.
इथे ती तिथेच ठेवावी लागते.
डोक्यात राहिली
की पाय उशिरा पोचतो.

दुखेल. मांडीच्या आत
अशा जागी, जिला नावही नाही.
चार दिवस जिना उलटा उतरशील,
मिरचीवाली हसेल. हसू दे,
तिने सगळ्यांना उलटं उतरताना पाहिलंय.

पहिल्या जोडीला मला पांग चिल-बोक मिळाले.
एकाहत्तर वर्षांचे, टोफू विकतात, डाव्या कानाने बहिरे.
वाटलं, यांना जपून घ्यावं.
ते नुसते डुलत होते,
बस यायची आहे आणि घाई नाही, असे.
मी पाय उचलला, जोरात,
शेडच्या मुकादमाचं थोबाड आठवून.
ते तिथे नव्हते.
माझ्या उभ्या घोट्याला
कुणी दार लोटावं एवढाच धक्का
आणि छत दिसलं मला, त्याच्यावरची ओल दिसली.
पण पडले नाही.
कोपराखाली हात होता. त्यांचाच.
सोयाबीनचा वास येणारा.
लागलं का? म्हणाले.
नाही म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही.
लागलं का? परत म्हणाले.

मी पाडायला शिकवतो, मोडायला नाही,
सर लांबूनच बोलले.
तेव्हा मला ते वाक्य वाटलं. नियम आहे तो.
इथली लाथ ढकलते.
दुखवून जिंकलीस तर महिनाभर झाडू.

मी मारलाय तो झाडू, महिनाभर.
कुणाला लागलं, ते तुला कळेलच.
पुढच्या रांगेत असते ती, वरचा एक दात
बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे.
ती माझ्याशी बोलते, हसते.
ती हसली की मी खडूच्या ठिपक्यांकडे बघते.

असो. उद्या सहाला ये.
पोटभर जेवून येऊ नकोस. नखं काप, पायाचीही.
आणि पायरीचं म्हणशील, तर सरांना मी कितीदा सांगितलं,
चार खिळ्यांचं काम आहे, मी ठोकते.
ते बघू म्हणतात.
चिल-बोक मात्र रोज तिच्यावर थांबतात,
टोफूची टोपली डोक्यावर, वजन
या पायावरून त्या पायावर,
इक्, एक्,
आणि खालून मिरचीवाली ओरडते,
म्हाताऱ्या, चढ की आता!
ते उजवा कान तिच्याकडून फिरवून घेतात.