अर्धा फेरा

रस्त्यावर काही तक्रार नव्हती.
माको ते मारोशचा पूल आणि परत,
दोन्ही बाजूंना काढणी झालेली कांद्याची शेतं,
बासष्ट सालची पॅनोनिया चौथ्या गिअरमध्ये गुणगुणत.
रडगाणं फाटकापाशी सुरू व्हायचं.
थ्रॉटल सोडलं की आधी उगाचच चढायची,
कुणी मागे लागल्यासारखी,
मग एक उचकी, आणि गप्प.
स्लो धरतच नव्हती.

दोन हिवाळे घातले मी हिच्यावर.
चार खोक्यांतून आली होती, एकात उंदराचं घरटं.
एकतीस वर्षं कारखान्यात कांदे निवडलेली मी,
सडका कांदा हातांना न बघता कळतो,
हे मात्र कळेना.

स्लो जेट काढला,
वायरीतली एक तार घालून, फुंकून साफ केला.
पॉइंटची फट चार दशांश, बरोबर.
प्लग पांढुरका, तापातल्या जिभेसारखा.
म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा पीत होती.
कुठून?

शेजारचा गेलेर्त आला. डाव्या कानाने बहिरा.
उजव्या कानाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून
इंजिन ऐकतो, डॉक्टर छाती ऐकतात तसं,
फक्त डॉक्टर इतक्या शिव्या देत नाहीत.
"धावताना चोर सापडायचा नाही, तेर्का," म्हणाला,
"गर्दीत मिसळतो. उभीच ठेव."

मग दाढीच्या जुन्या ब्रशने
एकेका सांध्यावर दाट ऑइल फिरवलं.
सिलिंडरच्या बुडाशी काही नाही.
कार्ब्युरेटर सिलिंडरला भेटतो तिथे
आवाज बदलला.
सांध्याने ऑइल आत ओढलं,
आणि दोन सेकंद
गाडी शहाण्यासारखी चालली.

काढला. फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरून
खिडकीकडे केली.
मधोमध उजेड, नखाच्या कोरीएवढा.
दोन्ही कान ओढून वाकवलेले.
"कुणी आवळलंय हे?"
मी पान्याकडे पाहिलं.

मी आवळते. गल्लीला ठाऊक आहे.
माझ्या काकडीच्या बरण्या
लोक उंबऱ्यावर आपटून उघडतात.
यूदित लिंत्सला निघाली तेव्हा
तिच्या बॅगेला तीन दोऱ्या बांधल्या होत्या मी.
गाठी सुटेनात, म्हणून तिने तिथे पोचल्यावर
शेजारणीकडून कात्री मागून आणली.
हे तिने मला नऊ वर्षांनी सांगितलं, हसत.
मी फोन ठेवला होता.

दाराजवळचा आरसा उतरवला, टेबलावर उताणा ठेवला.
त्यावर पॉलिश पेपर, त्यावर पाणी,
त्यावर फ्लँज, आठाच्या आकड्यात, जोर न लावता.
कागदाच्या कडेपलीकडून माझी हनुवटी
माझ्याकडे बघत होती.
शंभरापर्यंत मोजलं, पुढे मोजणं सोडलं.
पाणी राखाडी झालं. पट्टीखालचा उजेड गेला.

बियाण्याच्या जाड पाकिटातून गॅस्केट कापलं.
एक नट, अर्धा फेरा.
दुसरा, अर्धा.
पुन्हा पहिला, जेमतेम पाव.
मनगट अजून पुढे जायला बघत होतं.
"बास," गेलेर्त म्हणाला.
मनगट थांबलं, पण पटलं नव्हतं त्याला.

तिसऱ्या किकला धरली.
टुक्. टुक-टुक्. टुक्.
एकसारखी नाही. टू-स्ट्रोक कधीच नसते,
मधेच एखादा ठोका विसरते, मग तिला आठवतं.
पण चालू राहिली,
कुठेही न जाता, काहीही न करता.
शेडच्या खिळ्याला टांगलेल्या कांद्यांच्या वेणीतून
त्या थरथरीने एकेक पापुद्रा
सीटवर गळत होता.

गेलेर्तचा हात स्क्रूकडे गेला, "अजून जरासं..."
"राहू दे," मी म्हणाले.
दोघं उलट्या क्रेटवर बसलो.
मी फोन काढला, रविवार नव्हता तरी,
आणि नंबर शोधत होते

तेवढ्यात, चौथ्या मिनिटाला, बंद पडली.

गेलेर्त वाकला, बघितलं, हसायलाच लागला.
बाऊल भरून झाल्यावर पेट्रोलचा कॉक
सवयीने परत बंद केला होता.
मीच.
घट्ट.