करडी चौकट

जालन्यात, मोंढ्याच्या मागं, सळयांच्या दुकानावर
आमचं ऑफिस. बारा खुर्च्या, एक कूलर.
बिनड्रायव्हरच्या कुठल्याशा गाडीला
आम्ही रस्ता शिकवतो.
माणूस दिसला की पिवळी चौकट,
जनावराला हिरवी, वाहनाला निळी,
काहीच कळलं नाही तर करडी.
करडीचा भाव सगळ्यात कमी.
म्हणजे मजुरीचा. गाडीच्या हिशेबातला
मला ठाऊक नाही.

परवा अंबड रोडचा एक तुकडा आला.
तिन्हीसांज, धूळ,
आणि कडब्याचा भारा चाललेला.
त्याच्याखाली दोन पाय. एकात चप्पल नव्हती.
"करडी कर, पुढं चल," सुपरवायझर म्हणाला.
मी पिवळी ओढली
टाचेपासून पार कडब्याच्या शेंड्यापर्यंत.

रात्री अण्णांना कंपनीची प्रश्नावली वाचून दाखवली.
ब्रेक निकामी. डावीकडं म्हातारा, उजवीकडं लेकरू,
सरळ गेलं तर आतले सहाजण.
एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस,
हातातली भाकर हातातच राहिली.
"म्हातारा कुणाचा?"
लिहिलेलं नाही, अण्णा.
"लेकरू पळायलंय का उभं हाय?"
तेही नाही.
"मंग इचारायलंय तरी कोण?"

ते कुठं पोचले, मला कळलं.
वडीगोद्रीच्या अलीकडं, टायर पळवत
एक पोरगं आडवं आलं होतं.
स्टिअरिंग डावीकडं. बाभळ.
कंडक्टर लतीफभाईंचा पाय गुडघ्यापासून.
पोरगं घरी पळालं, त्याचं नावही कळलं नाही.
"म्या हाताला इचारलंच न्हाई," अण्णा म्हणाले,
"हातच मला इचारत बसला, नंतर."

चौकशीत निर्दोष सुटले.
तरी दर ईदला परतूरला जातात,
दोन किलो साखर घेऊन.
दार उघडायला लतीफभाईच येतात,
आधी कुबडी ऐकू येते.
चहा होतो. त्या दिवसाचं कुणी काढत नाही.
एका वर्षी लतीफभाई म्हणाले होते,
मीबी तिकडंच वळवली असती.
आणिक एका वर्षी: नसती वळवली.
अण्णांनी दोन्ही जपून ठेवलंय.

हात धुऊन आले, टॉवेल शोधत म्हणाले,
"तुही गाडी ईदला
कुणाच्या दारी जाईल गं?"

सकाळी कडब्याची फाईल परत आलेली.
शेरा: चौकट सुधारा.
मी तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला.
बाराव्या सेकंदाला तो संपतो.
तेव्हा भारा
रस्त्याच्या मधोमध असतो.