कितीपैकी

कार्ड पिवळं आहे, घडीवर फाटलेलं.
चिकटपट्टी लावून सात वर्षं जपलंय.
पहिला शिक्का जन्माच्याच दिवसाचा:
माझे टाके ओले होते
आणि नर्सने एवढ्याशा मांडीत काविळीची लस टोचली.
बी प्रकारची, म्हणाली.
मग सहा, दहा, चौदा आठवडे.
चौदाव्याला टॅक्सीचा संप होता,
काळाचौकीहून परळपर्यंत चालत गेले
शर्वरीला कडेवर घेऊन.
एक तारीख चुकवली नाही.

आता डॉक्टर दस्तूर म्हणतात, रक्तात तीन.
निदान दहा हवेत.
शर्वरी खुर्चीत पाय हलवत होती.
"दहापैकी तीन? म्हणजे नापास."

मी पोळ्या लाटते.
चिंचपोकळीच्या केंद्रात, पहाटे पाचपासून,
दिवसाला तीनशे, सणाला पाचशे.
भुवयांत पीठ, नखांत पीठ.
आणि माझ्याच पोरीला गहू चालत नाही.
चालत नाही म्हणजे नखरे नव्हेत.
आतड्याची लव झिजते,
दारातल्या पायपुसण्याची झिजते तशी.
दोन वर्षं पोट फुगलेलं, हातांच्या काड्या.
जंत असतील, दृष्ट असेल,
आई दिवसभर बाहेर असते ना, असंही.
आणि मी घरी येऊन
केंद्रातली उरलेली मऊ पोळी
दुधात कुस्करून तिला भरवायचे.

एक घास आणखी, म्हणायचे.

विचारलं, लस खराब होती का?
पेटीतला बर्फ वितळला असेल?
नाही म्हणाल्या. अशा मुलांत होतं हे, बऱ्याचदा.
गव्हाशी भांडण्यात शरीर गुंतलेलं असेल,
किंवा मुळातली घडणच तशी.
"नक्की मलाही माहीत नाही."
त्या क्षणी बाई मला पहिल्यांदा आवडल्या.

रात्री सतराचा पाढा.
सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत नीट, पुढे कोरं.
काल तर घडाघडा म्हणत होती.
मी रागावले नाही.
शिकवलं होतं, शिक्काही मारला होता,
राहिलं नाही, एवढंच.

मालकीणबाईंना म्हटलं, मला भाकरीच्या तव्यावर घाला.
हजार रुपये कमी पडतील, म्हणाल्या. पडू देत.
घरातला पोळपाट शेजारी देऊन टाकला.
गिरणीत दळण टाकता येत नाही,
आधीच्या गव्हाची धूळ असते तिथे,
म्हणून नणंदेचं जुनं जातं आणलं वरळीहून,
खालच्या मजल्यावरचे ओरडतात.
नाचणी, तांदूळ, ज्वारी. ज्वारी, तांदूळ, नाचणी.
वर्गात केक वाटला की शर्वरी तो वहीच्या कागदात गुंडाळून
मावळंकरांच्या गतिमंद मुलाला नेऊन देते.
मग साबणाने हात धुते, कोपरापर्यंत.
एकदा मी बघितलं,
धुण्याआधी तिने बोटांचा वास घेतला.

वर्ष गेलं. मग पुन्हा सुई.
तांडेलभाऊ म्हणाले, खिडकीत कबुतर बघ.
तिने सुईच बघितली.
महिन्याने रक्त,
आणि पाकीट, स्टेपल केलेलं.

दोनशे चौदा.
मी तीनदा वाचलं,
मध्ये कुठे टिंब आहे का शोधलं.

"कितीपैकी?"

मला सांगता येईना.
तिने पिवळं कार्ड ओढून घेतलं,
शिक्क्यांखालच्या रिकाम्या चौकटीत
पेन्सिलने आकडा लिहिला,
त्याखाली एक रेघ मारली
आणि खालची जागा तशीच ठेवली.