वास नसलेला रंग

गांधीबागेतल्या दुकानात
शेडकार्ड उलगडत मुलगा म्हणाला,
कोणता पांढरा, काकू?
पांढऱ्याचेच एकवीस होते.

मी विचारलं, कमी वासाचा कोणता?
तो थांबला.
लोक चमक विचारतात, धुतला जातो का विचारतात,
भाव तर विचारतातच.
शिडीवर चढून मागच्या फळीवरचा डबा काढला त्यानं,
बाहीनं धूळ पुसली.
लिटरमागे दीडशे जास्त.

चष्मा लावून डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं:
एका लिटरमधून हवेत किती ग्रॅम जाणार.
शून्य नव्हतं.
कमी होतं.

मागच्या खेपेलाही मे महिनाच.
पंचेचाळीस डिग्री, म्हणून खिडक्या बंद,
पडदे ओढलेले, दारांना ऑइलपेंट ओला.
आठवडाभर डोळे चुरचुरले, डोकं जड,
आणि आलेला पाहुणा दारातच
छाती भरून श्वास घ्यायचा, म्हणायचा,
वा, नव्या घराचा वास!
आम्हीही हसायचो. लाडू द्यायचो.

सुखदेव नेवारेंनी स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचकटलं,
वरणाच्या गंजावर वाकावं तसे वाकले.
"वासच नाही जी बाई.
रंग लागला हे घराले कसं कळन?"
मग पाणी घातलं, काडीनं ढवळलं.
टर्पेंटाइनची बाटली पिशवीतच राहिली.

खोकले. पुन्हा खोकले.
मी म्हटलं, दाखवलंत का कुणाला?
"हा खोकला नाही जी,
हा धंदा आहे. बत्तीस वर्षं झाले."

एक वाजता डबा घेऊन जिन्याकडे निघाले,
दारात अडखळले, मागे वळले.
"बाहेरच बसतो मी नेहमी.
आतमंधी भाकरीले रंगाची चव येते."
अर्ध्या ओल्या भिंतीसमोर,
कूलरच्या झोतात, वर्तमानपत्रावर बसले.
ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी,
कांदा बुक्कीनं फोडला.
खोलीभर कांदा, आणि वाळ्याच्या नव्या ताटीचा गारवा.
हळूहळू जेवले.
मला वाटतं नेहमीपेक्षा हळू.

संध्याकाळी ब्रश धुताना
हात पुसून कागद मागितला.
"नाव लिहून द्या जी या रंगाचं.
मोठ्या अक्षरात.
पोरगा यंदापासून माझ्यासंगं येऊन राहिला."