पेव

हरिपुरात आमच्या तात्यांचं काम एवढंच,
पेव उघडायचं.
वरची माती खरवडायची, फरशी सरकवायची
आणि लगेच आत उतरायचं नाही.
दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला तर अजून थांबायचं.
"आत हळद टिकते गं, माणूस टिकत नाही."

विजयनगरच्या कोर्टात दार लावून घेतलं
तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
रिकामी बाकं. पंख्याची खरखर.
जे आईला सांगितलं नव्हतं ते तिथं सांगितलं.
टायपिस्ट दोनदा म्हणाला, "जरा सावकाश."

कागदावर मी पीडिता क्रमांक एक.
पेपरात स्वाती, नाव बदललेलं.
कुणी निवडलं असेल? कुठली स्वाती आठवून?
बिचारी.

त्याचं नाव मात्र कोल्हापूर रोडला आठ बाय दहा,
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,
खाली चाळीस जणांचे फोटो, त्यातला एक माझा चुलतभाऊ.
मार्केट यार्डात सौदा संपला की माणसं बोलतात,
"पैशासाठी केलंय बाईनं."
मी तिथंच उभी, स्कार्फ डोळ्यांपर्यंत,
हातात अर्धा किलो हळकुंडं.
उत्तर तोंडात होतं.
तोंड कोर्टाच्या ताब्यात.

वकीलबाई म्हणाल्या, "नाव तुमचं आहे, तुम्ही लेखी देऊ शकता.
पण आत जे बोललात ते परवानगीशिवाय बाहेर नाही."
म्हणजे नाव माझं
आणि त्या नावाला जे झालं ते फाईलचं.
"तुमच्याच भल्यासाठी आहे हो," असंही म्हणाल्या.
खरंच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तरी अर्ज लिहिला. चार ओळी.
खाली सही, पूर्ण, वडिलांच्या नावासकट:
मालन तातोबा गुरव.
'ल'ची गाठ शाळेत असताना यायची तशीच आली.

दुसऱ्या दिवशी पीडिता क्रमांक दोन आली.
पॉलिशच्या ड्रमवर माझ्या शेजारी असायची.
चहा घेतला नाही. टेकलीसुद्धा नाही.
"आक्का, तुझं नाव कळलं
की लोक विचारतील, शेजारी कोण होती?"
एवढंच बोलली.
काम सोडून दोन वर्षं झाली,
चपलेचा पट्टा लावताना बघितलं,
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
माघात तिचं लग्न आहे, कवठ्याला.

तात्यांना एक विचारायचं राहून गेलं.
दोन पेवं लागून असली, मधे हातभर माती,
तर एक उघडताना
दुसऱ्याचं काय करत होता?

अर्ज रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.
तारीख घातलेली नाही.
नाव खोडलेलं नाही.