बॅटरी पुरली तेवढी राणी

राणीला मातीत ठेवायच्या दिवशी
मी बारा वर्षांचा होतो
आणि बॅटरी माझ्या ताब्यात होती.

मालोटीच्या डोंगरात आमच्या गावापर्यंत
विजेच्या तारा चढल्या नव्हत्या.
टीव्ही मात्र होता एक, न्ताते मोखेथींचा.
सोन्याच्या खाणीतून कायमचे परतताना
त्यांनी तो ब्लँकेटात गुंडाळून आणला होता.
टीव्ही आणि खोकला,
वीस वर्षांची एवढीच कमाई.

आदल्या दिवशी घोड्याला बॅटरी बांधून
मी खाली दुकानात गेलो.
दुकानदार म्हणाला, रात्रभर चार्ज करतो. पैसे राहू दे,
तिच्यासाठी आहे ना.
या माणसानं कधी कुणाला
काडेपेटीसुद्धा उधार दिली नव्हती.

सकाळी सगळं गाव त्या एका गोल झोपडीत.
बायकांची ब्लँकेटं छातीशी पिन लावून घट्ट,
पुरुषांच्या टोप्या गुडघ्यांवर,
आत मावले नाहीत ते बर्फात उभे.
मी भिंतीपाशी, एरियलची काठी धरून.
डावीकडे! आतून ओरडायचे.
अरे, जास्त झालं! परत!
बोटं बधिर झाली तरी काठी सोडली नाही.
माझ्या हातून राणी निसटली असती
तर गावात तोंड कुठे दाखवलं असतं?

दाराच्या फटीतून दिसत होतं:
ती विमानातून उतरते.
मग पुन्हा उतरते.
तीच पायरी, तोच हात,
तीच पांढरी हॅट वाऱ्यानं उचललेली,
आणि निवेदकाचा गळा दर वेळी
पहिल्यांदाच दाटून आल्यासारखा.
म्मे मात्सेलिसो पुटपुटली,
हिला हॅट कधी होती?

शवपेटी देवळाच्या पायऱ्या उतरत होती
तेव्हा चित्र कडांनी आकसायला लागलं.
सैनिक बारीक झाले, घोडे मुंग्यांएवढे,
पेटी काडेपेटीएवढी,
मग एक पांढरा ठिपका.
मग तोही.

मला कुणी रागावलं नाही.
मी जास्तच घाबरलो.

बऱ्याच वेळानं, अंधारातच,
म्मे मात्सेलिसो म्हणाली,
रस्ता बर्फानं बुजला होता त्या वर्षी
ती घोड्यावर बसून आली.
माझ्या चुलीपाशी बसली, इथं, अशी.
पापा हातानं खाल्लं
आणि भांड्याच्या बुडाची खरवड मागून घेतली.
घोडा तांबडा होता, कुणीतरी म्हणालं.
करडा.
तांबडा! मी स्वतः पाणी पाजलं त्याला.
तिच्या अंगठ्याचं नख फुटलेलं होतं.
प्रत्येकीला तिनं विचारलं,
तुझा माणूस कुठल्या खाणीत आहे गं,
आणि नाव काय त्याचं?

न्ताते मोखेथी खोकले, थांबले.
मी नव्हतो तेव्हा गावात, ते म्हणाले.
पण पत्रात आलं होतं,
राणीनं तुमचं नाव उच्चारलं.
ती चिठ्ठी मी जमिनीखाली
दोन हजार मीटर घेऊन फिरलो.

बाहेर ऊन बर्फावर सरकलं.
आम्ही आमच्या अंदाजानंच
दुपारच्या सुमाराला राणीला पुरलं.

आता मासेरूत माझं दुकान आहे, टीव्हीचं.
दर वर्षी त्या तारखेला
बत्तीस पडद्यांवर ती एकदम उतरते.
गिऱ्हाईक विचारतं, सगळ्यात स्वच्छ कुठल्यावर दिसतं?
मी त्या हाताजवळ जाऊन
फुटलेलं नख शोधत असतो.
हात हलतो. नेमका तिथेच हलतो.

म्मे मात्सेलिसो गेली. मोखेथीही गेले.
परवा पहाटे स्वप्नात राणी आली,
बर्फातून, घोड्यावर, आमच्या गावात,
वाकून दारातून आत शिरली, खरवड मागितली.
डोक्यावर पांढरी हॅट होती.

घोडा कुठल्या रंगाचा होता
ते बघायचं राहून गेलं.