वाया गेलेला वेळ

साडेआठची फेरी अजून पलीकडे, रासयला टेकलेली.
इकडे दुर्भाटच्या धक्क्यावर आम्ही सहा जण, दोन स्कूटर
आणि सुक्या काजूबियांनी भरलेला एक टेम्पो.

आग्नेल म्हणतो, पैसा ही नुसती समजूत आहे.
अठरा वर्षं तारवांवर कांदे सोलले त्यानं,
बंदर बदललं की नोट बदलायची,
कांदा तोच.
"मग कांदाच ठेव की बँकेत," घनःशामबाब म्हणतात.
कोमुनिदादीच्या वह्या लिहिण्यात त्यांची उमर गेली.
"आमच्या गावात खाजन कुणा एकाचं नव्हतं.
पावणी व्हायची, वाटे पडायचे,
बांध फुटला की सगळे चिखलात."
"सगळे?"
शेवंती टोपलीवरचं ओलं फडकं सारखं करते.
"चिखलात आमचे होते, बाब.
तुमचे वहीत होते."

टेम्पोवाला उगाच हॉर्न वाजवतो. नदीला.

मग विषय पाडेल्यावर जातो,
तो एका माडाचे दीडशे मागतो म्हणून.
मी तासिकेवर अर्थशास्त्र शिकवतो,
माझा दर मी सांगत नाही.
मागणी-पुरवठा, असं काहीतरी पुटपुटतो.
"उंचीचे पैसे ते," शेवंती म्हणते,
"तू खुर्चीवरून पडलास तर कितीसा लागणार?"
आग्नेल हसतो, आणि मध्येच थांबतो.
त्याचा थोरला स्विंडनला गोदामात आहे,
पणज्याच्या जन्मदाखल्यावर गेलेला.
"हे भांडवल म्हणायचं," तो मला विचारतो, "की व्याज?"
पुस्तकात दोन्हींच्या व्याख्या आहेत.
मला त्या पाठ आहेत.

मागच्या उन्हाळ्यात मी इथंच खुर्ची टाकून बसलो होतो,
पुलाची पाहणी, रोजचे सहाशे.
कोण येतं, कुठं जातं, किती थांबतं.
शेवटचा रकाना : वाया गेलेला वेळ, मिनिटांत.
आग्नेल, बावीस.
घनःशामबाब, बावीस, रविवारी चाळीस.
रविवारी त्यांचं पलीकडे काहीच काम नसतं,
फेरीनं जातात, फेरीनं येतात.
त्याला रकाना नव्हता.
मी मनातल्या मनात थोडा खूश झालो होतो,
म्हटलं, यावर एखादा लेख होईल,
वाया गेलेल्या वेळाची श्रीमंती वगैरे.

मग शेवंती आली.
"लिही, दोनशे दहा."
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
"लेकीला कळा लागल्या, पलीकडे. रात्रीची फेरी नव्हती.
होडी शोधेपर्यंत दोनशे दहा.
मिनिटांतच लिही, तुझ्या कागदाला तेच हवंय ना?"
मूल कसं आहे, हे विचारायला
माझं तोंड उघडलं नाही.
आजही उघडलेलं नाही.

आता चिपीच्या मुळांमध्ये लाल रंगाच्या खुंट्या आहेत,
भरतीला बुडतात, ओहोटीला वर येतात.
पूल होणार. झालाच पाहिजे.
घनःशामबाब रविवारी कुठं जातील,
हा प्रश्न कुठल्या तोंडानं मांडायचा?

साखळ्या खडखडतात. फेरी लागते.
आग्नेल टोपलीला हात देतो, शेवंतीच्या डोक्यावर चढवतो,
आणि चालता चालता टोलची गोष्ट निघते,
घेतील का, कुणाकडून, मासळीच्या टोपलीला वेगळा का.
इंजिन सुरू झाल्यावर ऐकू काहीच येत नाही.
शेवंतीचं एक बोट वर होतं, मग दुसरं,
आणि आग्नेल मान हलवत राहतो,
नाही, नाही.